इंग्रजी शब्दांच्या अक्षरजोड्या: जीएल, एसएन, डब्ल्यूआर, केएन वगैरे, अर्थांसकट

खडूफळा

मंडळी, हा धागा बरेच दिवस डोक्यात होता. मी मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी-नववीला इंग्रजी शिकवतो. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, २००० सालापासून ते पहिलीपासून आलं, पण शब्द पाठ करायची रीत काही बदलली नाही, वहीत मधोमध रेघ मारायची, डावीकडे स्पेलिंग उजवीकडे अर्थ, आणि चाचणी झाली की सगळं पुसलं जातं. मुलांची बुद्धी कमी पडते असं अजिबात नाही. प्रत्येक शब्द एकटा येतो, त्याला ना भाऊ ना बहीण, मग तो लक्षात राहणार कशाला धरून?

म्हणून मी शब्द अक्षरजोडीने द्यायला लागलो. ज्या शब्दांची सुरुवात सारखी ते एकत्र, आणि असे गट करताना एक गोष्ट ठळक दिसते, की इंग्रजीतल्या काही जोड्यांसोबत अर्थाचा एक वास येतो. सगळ्यात सोपी जोडी जीएल. ग्लो, ग्लीम, ग्लिटर, ग्लिंट, ग्लिमर, ग्लिसन, ग्लेअर, ग्लॉस, ग्लेझ, ग्लास. सगळीकडे उजेड नाहीतर चकाकी. त्यातच नजरेचे शब्द मिसळलेले आहेत, ग्लान्स म्हणजे ओझरतं बघणं, ग्लिम्प्स म्हणजे झलक, ग्लाउअर म्हणजे डोळे वटारून बघणं.

अशा जोडीला भाषाशास्त्रात फोनेस्थीम म्हणतात. शब्द जे. आर. फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाचा, १९३० सालचा. हे फर्थ त्याआधी लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. पण कल्पना त्याच्याहून फार जुनी आहे. जॉन वॉलिस म्हणून गणिती होऊन गेले, अनंताची आडवी आठ आपण काढतो ना, ती खूण वापरात आणणारे, त्यांनी १६५३ मध्ये लॅटिनमधून इंग्रजीचं व्याकरण लिहिलं आणि त्यात डब्ल्यूआर म्हणजे पिळा किंवा तिरकेपणा, एसटीआर म्हणजे जोर, अशा जोड्या अर्थासकट सांगितल्यात.

तुम्हाला माहीत असलेल्या जोड्या इथे टाका, अर्थासकट टाका, आणि जिथे बसत नाही तेही लिहा.

रिमझिम

सर फारच सुंदर धागा. पण ग्लीम, ग्लिंट, ग्लिसन या सगळ्यांचा अर्थ शब्दकोशात "चमकणे" एवढाच दिलेला असतो, मग मुलांनी यातला फरक ओळखायचा कसा? माझी मुलगी सातवीत आहे, तिला मी प्रत्येक वेळी चमकणे चमकणे हेच सांगते आणि ती म्हणते आई मग इतके शब्द केले कशाला.

खडूफळा

रिमझिमताई, मुलीचा प्रश्न अगदी बरोबर आहे. मी वर्गात काय करतो सांगतो. खिडक्या लावून घ्यायच्या, एक टॉर्च घ्यायचा, स्टीलचं ताट, एक पातेलं आणि अळूचं पान. ताट घासूनपुसून कोरडं केलेलं असतं, त्यावर लांबून टॉर्च मारला की एक शांत, एकसारखी चकाकी दिसते, ती ग्लीम. मग ताट हातात जरा हलवायचं, कडेवर एकदम एक तिरीप चमकून जाते आणि लगेच नाहीशी होते, ती ग्लिंट. अळूच्या पानावर पाणी शिंपडून उजेड धरला की ते ओलं चमकणं म्हणजे ग्लिसन, दव, घामानं भिजलेलं कपाळ, भरून आलेले डोळे, सगळं ग्लिसन. यातला टी उच्चारायचा नाही. टॉर्चवर रुमाल धरला की उजेड मिणमिणता होतो, तो ग्लिमर, म्हणून आशेचा अंधुक किरण असतो तिथे इंग्रजीत ग्लिमर ऑफ होप म्हणतात. आणि टॉर्च सरळ मागच्या बाकाच्या तोंडावर मारला की पोरं डोळ्यांवर हात घेतात, तो ग्लेअर. रागानं रोखून बघण्यालाही ग्लेअरच, कारण तीही नजर सहन होत नाही. चमचमणारी टिकली-जरी, अनेक ठिपके एकदम लुकलुकतायत, ते ग्लिटर. ग्लो मात्र आतून येतो, टॉर्च बंद करून पातेल्यात निखारा ठेवला की तो ग्लो.

तास संपला की परत विचारावं लागत नाही. ग्लिंट म्हटलं की पोरं हात हलवून दाखवतात.

कट्ट्यावरचा

ग्लान्सबद्दल थोडी भर. क्रिकेटमधला लेग ग्लान्स सगळ्यांना माहीत आहे, रणजितसिंहजींचा म्हणून जगभर गाजलेला फटका. तिथे नजरेचा काहीच संबंध नाही, बॉलला बॅट नुसती तिरकी लावून द्यायची आणि तो घासून फाइन लेगला जातो. ग्लान्सचा जुना अर्थ तोच, शस्त्र घासून तिरकं निसटणं. नजर पण तशीच एखाद्या गोष्टीला घासून पुढे जाते म्हणून ओझरतं बघणं हा अर्थ नंतर आला.

तर्कट

धागा चांगला आहे, पण माझा एक आक्षेप आहे आणि तो मी स्पष्ट मांडतो. ग्लव्ह म्हणजे हातमोजा, ग्लू म्हणजे डिंक, ग्लोब, ग्लँड म्हणजे ग्रंथी, ग्लॅड म्हणजे आनंदी. यात उजेड कुठे आहे? सोयीचे शब्द निवडायचे आणि गैरसोयीचे सोडून द्यायचे याला नियम म्हणत नाहीत. मुलं परीक्षेत ग्लूटन या शब्दाचा अर्थ चकाकणारा असा लिहून येतील, तो खादाड आहे.

खडूफळा

तर्कटराव, आक्षेप शंभर टक्के मान्य, म्हणूनच वर लिहिलं की बसत नाही तेही टाका. नियम कुणीच म्हणत नाहीये, हा कल आहे. लॅटिनमधून आलेले शब्द बहुतेक या गोतावळ्याच्या बाहेरचे असतात, ग्लोब, ग्लू, ग्लँड, ग्लूटन, ग्लोरी सगळे लॅटिन. ग्लव्ह घरचाच आहे पण तोही बसत नाही. मी वर्गात अशांची वेगळी यादी करतो, "पाहुणे" म्हणून, आणि ती पण पाठ करून घेतो.

एक मात्र तुमच्या यादीतून काढावा लागेल, ग्लॅड. जुन्या इंग्रजीत ग्लॅडचा अर्थ तेजस्वी, चकाकणारा असाही होता, चेहरा उजळला ते आनंदानं. आपणही "तोंड उजळलं" म्हणतोच.

शब्दवेल

ग्लॅमरचं कुणी नाव काढलं नाही म्हणून मी काढते. हा शब्द मुळात ग्रामर आहे! मध्ययुगात व्याकरण म्हणजे विद्या, आणि विद्या ज्याच्याकडे त्याच्याकडे जादूटोणाही असणार असा लोकांचा समज, त्यामुळे स्कॉटलंडमध्ये ग्रामरचं ग्लॅमर होऊन त्याचा अर्थ जादू, नजरबंदी असा झाला, पुढे वॉल्टर स्कॉट या स्कॉटिश लेखकाच्या लिखाणातून तो इंग्रजीत पसरला आणि आजचा झगमगाटाचा अर्थ त्याला नंतर चिकटला. जीएलच्या गोतावळ्यात तो बाहेरून येऊन इतका बेमालूम मिसळला की आज कुणाला शंकाही येणार नाही.

आणि सर, आपल्याकडे हेच काम झ करतो. झगमग, झळाळी, झळकणं, झगझगीत, झिलई, झुळझुळीत रेशीम, झलक. ग्लिम्प्सला झलक आणि ग्लेझला झिलई, दोन्हीकडे आपापली जोडी जागेवर आहे, हे मला फार आवडलं.

रिमझिम

वा शब्दवेल! झणझणीत, झोंबणं, झिणझिण्या हे पण झ चेच, पण ते उजेडाचे नाहीत, म्हणजे आपल्याकडेही पाहुणे आहेत.

बंदरावरून

माझी जोडी एसएन. ही नाकाची जोडी आहे. स्निफ म्हणजे हुंगणं, स्नोअर घोरणं, स्नीझ शिंकणं, स्नॉर्ट म्हणजे घोडा किंवा रेडा नाकानं फुरफुरतो ते, स्नाउट म्हणजे डुकराचं लांब नाक, स्नॉट शेंबूड, स्निव्हल म्हणजे नाक ओढत रडणं, स्नफ म्हणजे तपकीर. यापुढचे नाकावरून स्वभावाकडे जातात. स्निअर म्हणजे तुच्छतेनं ओठ वाकवणं, आपलं नाक मुरडणं. स्नूटी म्हणजे नाक वर करून चालणारा. स्नब नोज म्हणजे नकटं नाक, आणि नुसतं स्नब म्हणजे कुणाला मुद्दाम टाळून अपमान करणं.

आमच्याकडे मालवण-तारकर्लीला आता स्नॉर्केलिंगच्या पाट्या सगळीकडे आहेत, तो शब्द पण याच घरातला. जर्मन पाणबुड्यांना पाण्याखालून हवा घ्यायची नळी असायची, तिला खलाशी श्नॉर्शेल म्हणायचे, म्हणजे नाक, आणि त्याचं नातं जर्मनमधल्या घोरण्याच्या शब्दाशी. बोटीवरची पोरं दिवसभर हा शब्द बोलतात, त्यांना हे सांगितलं की फार खूश होतात.

पाहुणे: स्नो बर्फ, स्नॅक खाऊ, स्नेक साप, स्नेल गोगलगाय. यातले शेवटचे दोन आपसात भाऊ आहेत, दोन्हींचं मूळ सरपटण्याचं.

तर्कट

स्नॉब राहिला. तो नाकाचा वाटतो पण नाही, अठराव्या शतकात स्नॉब म्हणजे चांभार. तिथून सामान्य माणूस, मग वरच्यांची नक्कल करणारा, मग आजचा अर्थ. अर्थ सरकत सरकत नाकापाशी आला.

पण स्नीझचा पुरावा मात्र मला पटतो आणि तो मीच देतो. जुन्या इंग्रजीत हा शब्द एसएनने सुरूच होत नव्हता, एफएनने व्हायचा, फ्नेओसन. पंधराव्या शतकाच्या सुमाराला फ्न हा उच्चारच भाषेतून गेला आणि शब्द सरळ एसएनच्या घरात जाऊन बसला. नाकाचे सगळे शब्द तिथे होते म्हणून तो तिथे गेला असं मानायला जागा आहे.

खडूफळा

तर्कटराव, हे मला ठाऊक नव्हतं, मनापासून आभार. उद्याच फळ्यावर जाणार.

आता वॉलिससाहेबांची डब्ल्यूआर घेऊ, कारण या जोडीत मुलांची स्पेलिंगं सगळ्यात जास्त चुकतात. डब्ल्यू उच्चारत नाही, त्यामुळे कानाला फरकच कळत नाही. रिंग म्हणजे अंगठी आणि रिंग म्हणजे पिळणं, रेस्ट म्हणजे विश्रांती आणि रेस्ट म्हणजे हिसकावून घेणं, रॅप म्हणजे टकटक आणि रॅप म्हणजे गुंडाळणं. डब्ल्यू कुठे लावायचा? जिथे पीळ आहे, वळण आहे, तिथे.

ओली चादर दोघांनी दोन टोकं धरून पिळायची. चादर पिळली ती रिंग, पिळताना जे वळलं ते मनगट, रिस्ट, चादरीवर पडल्या त्या सुरकुत्या, रिंकल. हातातून ओढून पीळ देऊन काढली तर रेंच, आणि नट फिरवायच्या पान्यालाही अमेरिकेत रेंचच म्हणतात. गांडूळ वळवळतं ते रिगल, वेदनेनं माणूस पिळवटतो ते राइद, फुलं वळवून केलेलं चक्र रीथ, कुस्ती म्हणजे रेसल. तोंड वाकडं करून हसणं ते राय स्माइल, बेत वाकड्यात गेला की अराय. आणि राँग, चूक, हा शब्दसुद्धा मुळात वाकडा या अर्थाचा, नॉर्स म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन लोकांकडून आलेला. रॉथ म्हणजे क्रोध, तोही याच पिळाचा.

गावकूस

सर मग राइट म्हणजे लिहिणं याचं काय? त्यातही डब्ल्यूआर आहे. लिहिण्यात कसला पीळ?

शब्दवेल

गावकूस, तो पाहुणाच, पण मोठा मानाचा पाहुणा आहे. राइटचा मूळ अर्थ ओरखडणं, कोरणं, म्हणजे लाकडावर दगडावर अक्षरं खरवडायची. आणि आपला लिही, संस्कृत लिख्, त्याचाही मूळ अर्थ ओरखडणं हाच. रेखा, रेघ त्याच कुटुंबातली. दोन्हीकडे लिहिणं म्हणजे आधी खरवडणंच होतं.

स्टुटगार्टकर

मी जर्मनीत राहतो त्यामुळे केएनवर बोलायचा मला थोडा हक्क आहे. नी म्हणजे गुडघा, नॉट गाठ, नकल बोटाचं पेर, नॉब मूठ किंवा गोल बटण, नोल छोटी टेकडी, नीड म्हणजे कणीक मळणं, निट विणणं. बघा, जवळपास सगळीकडे काहीतरी गोळा नाहीतर गाठ. मराठीत हे ग करतो, गोळा, गोटा, गाठ, गड्डा, गुठळी, गाठोडं, आणि गुडघासुद्धा. (लसणाचा गड्डा म्हणतो ना आपण.)

के हा नुसता शोभेचा नाहीये. इंग्रज लोक सतराव्या शतकापर्यंत तो उच्चारायचे, क्नी, क्नॉट असंच. छापखाना मात्र त्याच्या आधीच आला होता, कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला १४७६ मध्ये सुरू केला, त्यामुळे स्पेलिंगं हळूहळू गोठत गेली आणि उच्चार पुढे निघून गेला. इकडे जर्मनमध्ये अजून के म्हणतात, गुडघ्याला क्नी, गाठीला क्नोटन, आणि जेवणात गोळे असतात ते क्नोडल. माझा मुलगा इथल्या शाळेत जातो, त्याला इंग्रजी स्पेलिंगमधला हा के कधीच विसरायला होत नाही कारण त्याच्या तोंडात तो आहे.

नाइट म्हणजे सरदार, तो जर्मन क्नेश्टचा भाऊ, आणि क्नेश्ट म्हणजे नोकर. मूळ अर्थ पोरगा, सेवक, इंग्रजांनी त्याला घोड्यावर बसवला. नेव्ह म्हणजे लबाड, तो जर्मन क्नाबचा भाऊ, क्नाब म्हणजे मुलगा. एक पोरगा सरदार झाला, एक लुच्चा झाला.

खडूफळा

केएनमध्ये नो म्हणजे जाणणं हा सगळ्यात महत्त्वाचा, त्याचं आपल्याशी थेट नातं आहे. नो आणि आपलं ज्ञा, ज्ञान, एकाच मुळातून आलेत. ग्रीकमध्ये तोच ग्नोसिस, डायग्नोसिसमधला. इंग्रजांनी क टाकला आणि न ठेवला, आपण ज्ञ चा उच्चार द्न्य केला, हिंदीवाले ग्य म्हणतात, गुजराती ग्न म्हणतात, पण लिहिताना सगळ्यांनी मूळ जपलं. मुलांना सांगावं, ज्ञ दिसला तिथे के एन आठव. तसंच नी आणि संस्कृत जानु. आजानुबाहू हा शब्द त्यांना माहीत असतो, गुडघ्यापर्यंत हात पोचणारा.

दहावी_ब

सर मी दहावीत आहे, वर्डल रोज खेळते, म्हणजे सहा चान्समध्ये पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा, जागेवर बरोबर बसलेलं अक्षर हिरवं होतं. त्यात आयजीएचटी आलं की अडकायला होतं कारण फाइट लाइट माइट नाइट राइट साइट टाइट सगळे पाच अक्षरी, पहिलं अक्षर सोडून सगळं हिरवं आणि सहा चान्स पण पुरत नाहीत. हे जीएच कशाला आहे ते पण सांगा ना.

शब्दवेल

बाळा, आधी खेळातली युक्ती सांगते. चार अक्षरं हिरवी झाली की एकेक करून अंदाज बांधू नकोस. एक शब्द असा टाक की ज्यात एफ, एल, एम, एन यातली दोन-तीन अक्षरं एकदम तपासली जातील, मग तो शब्द चुकला तरी चालेल, पुढच्या वेळी नेमकं कळतं. (हार्ड मोड लावला असशील तर मात्र हे करता येत नाही, त्यात हिरवी झालेली अक्षरं पुढच्या शब्दात ठेवावीच लागतात.)

आता जीएच. एकेकाळी तिथे खरोखर आवाज होता, घशातून घासत येणारा ख, उर्दूतल्या खत-खबरमधला. जर्मनमध्ये तो अजून आहे, नाइट म्हणजे रात्र याला ते नाख्ट म्हणतात, एटला आख्ट, डॉटरला टॉख्टर. इंग्रजीत बहुतेक ठिकाणी तो गळून पडला, आणि कफ, लाफ, रफ, टफ, इनफमध्ये त्याचा फ झाला. आणि आता हे बघ: नाइट आणि संस्कृत नक्तम्, एट आणि अष्ट, डॉटर आणि दुहिता, राइट म्हणजे सरळ, बरोबर, आणि ऋजु, लाइट म्हणजे हलका आणि लघु. सगळी नात्यातली. इंग्रजीत जिथे मुकं जीएच उभं आहे तिथे संस्कृतमध्ये बहुधा क, ष, ज, घ, ह यातलं काहीतरी ऐकू येतं. हे एकदा कळलं की जीएच विसरणं अवघड आहे.

तर्कट

डिलाइट सोडून. त्यातलं जीएच उपरं आहे. शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा साधा डेलिट होता, सोळाव्या शतकात लाइटचं बघून त्याला जीएच लावलं गेलं. तसंच डेट म्हणजे कर्ज आणि डाउट म्हणजे शंका, यातले बी पंडितांनी लॅटिनकडे बघून घुसवले, इंग्रजांनी ते कधी उच्चारलेच नव्हते. आयलंडमधला एस तर लॅटिन इन्सुलाशी बादरायण संबंध जोडून आलाय, मूळ शब्दात एस नव्हताच.

वऱ्हाडी_पाहुणा

लय भारी चाललाय धागा. माझ्याकडून टीडब्ल्यू घ्या. टू, ट्वाइस, ट्वेल्व्ह, ट्वेंटी, ट्विन जुळं, ट्वाइन म्हणजे दोन धागे एकत्र वळून केलेला दोरा, ट्विस्ट पण तिथलाच, बिट्वीन म्हणजे दोघांच्या मध्ये. सगळ्यांत दोन. टू मधला डब्ल्यू मुका का आहे असं पोरं इचारतात, त्यांना ट्विन दाखवा, तिथं तो बोलते. आपला द्वि पण हाच.

रिमझिम

हे सगळं मी आज मुलीसोबत बसून वाचलं. तिने लगेच एसक्यूयू आणली, स्क्वीझ आणि स्क्वॉश तिच्या धड्यात आहेत. ही पण जोडी आहे का सर, की योगायोग?

खडूफळा

आहे, आणि चांगली भरलेली आहे, तिला शाबासकी द्या. दाबलं जाणं आणि त्यातून ओलं काहीतरी बाहेर येणं, असा तिचा कल. स्क्वीझ म्हणजे लिंबू पिळतो तसं दाबणं. स्क्वॉश म्हणजे चेपून चपटं करणं, फळाचं सरबत त्यावरूनच. स्क्विश म्हणजे पिकलेला टोमॅटो बोटाखाली पिचतो तो मऊ आवाज. स्क्वर्ट म्हणजे बारीक जोरदार चिळकांडी. स्क्वेल्च म्हणजे पावसात भरलेले बूट घालून चाललं की पचक पचक होतं ते. मराठीत हे काम प आणि च करतात, पिचणं, पिचकारी, पचपचीत, पचकन. पाहुणे म्हणून स्क्वेअर आणि स्क्वॉड लिहून ठेवा, दोघंही लॅटिनमधल्या चारच्या आकड्यावरून आलेत, आणि स्क्विरल म्हणजे खार, ती ग्रीकमधून आली, तिच्या नावाचा अर्थ सावली आणि शेपूट या दोन शब्दांशी जोडतात. तिला सांगा, यातला प्रत्येक शब्द वाक्यात वापरून इथे टाक, मी तपासून देईन.